अडेनियम जगतं, पण फुलत का नाही?

अडेनियमचं, म्हणजे फुगीर बुंध्याच्या त्या फुलझाडाचं, रोप नर्सरीतून उचलताना एक सल्ला हमखास मिळतो, "याला पाणी फार घालू नका हं." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. तो ऐकून घरी आलेल्या झाडांचे साधारण दोन प्रकारे हाल होतात. काही घरांत आठवड्यातून एकदा वाटीभर पाणी मिळतं. झाड मरत नाही, पण वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं, शेंड्यावर चार पानं आणि कधीतरी एखादं फूल. दुसऱ्या घरांत पाणी तितकंच जपून घातलेलं असतं, तरी जुलै-ऑगस्टात बुंधा मऊ पडतो आणि एक दिवस झाड कलंडतं. मग 'आपल्याकडे अडेनियम टिकत नाही' असं ठरवून कुंडीत दुसरं काहीतरी लावलं जातं.

या झाडाला दुष्काळ सोसता येतो, म्हणून तो त्याला मानवतो असं नाही. ऊन, पाणी, खत मिळेल त्या दिवसांत ते अधाशासारखं वाढतं आणि फुलं येतात ती याच नव्या वाढीवर. त्याला अजिबात चालत नाही ती मुळांची घुसमट. भरपूर पाणी द्यायचं, पण मुळं घुसमटू द्यायची नाहीत, एवढं साधलं की पुढचं सगळं सोपं आहे. हे कसं साधायचं ते समजून घ्यायला आधी झाडाचं मूळ गाव पाहावं लागतं.

अडेनियम ओबेसम मूळचं साहेलचं, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आडव्या पसरलेल्या पट्ट्यातलं. सेनेगल-मॉरिटानियापासून सुदानपर्यंत, पुढे पूर्व आफ्रिकेत आणि तांबड्या समुद्रापलीकडे येमेन, सौदी अरेबिया, ओमानमध्ये ते रानात वाढतं. साहेलमध्ये वर्षाला साधारण २०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मोजक्या महिन्यांत उरकतो. ओमानला नोकरीसाठी गेलेल्या मराठी मंडळींनी सलालाजवळच्या डोंगरउतारांवर खडकांच्या फटीत फोफावलेली अडेनियम पाहिली असतील. जे नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्या कोकणाला झोडपतात, त्यांचाच एक पदर धोफारच्या, म्हणजे याच सलाला भागाच्या, किनाऱ्याला घासून जातो आणि तिथे धुकं नि रिमझिम आणतो. त्या ऋतूला तिकडेही खरीफच म्हणतात.

युरोपच्या वनस्पतिशास्त्रात या झाडाची नोंद झाली ती येमेनमुळे. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात एक अभ्यासमोहीम पाठवली. तिच्यात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य पीटर फोर्सकोल होता. १७६३ मध्ये येमेनमध्येच हिवतापाने तो वारला. त्याची टिपणं १७७५ मध्ये प्रसिद्ध केली ती त्याचा सहकारी कार्स्टन नीबूर याने. मोहिमेतल्या अभ्यासकांपैकी जिवंत परतलेला तो एकटाच. हाच नीबूर येमेनहून जहाजाने मुंबईला आला होता, वर्षभराहून जास्त काळ इथे राहिला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची त्याने चित्रं काढली होती. फोर्सकोलने या झाडाला कण्हेरीच्या गटात टाकलं होतं. नंतर, १८१९ मध्ये, त्याचा वेगळा गट झाला, पण फोर्सकोलची नजर बरोबरच होती. कण्हेर, बिट्टी, चाफा, तगर, सदाफुली, रुई, सातवीण, अगदी आपलं करवंदसुद्धा, ही सगळी अडेनियमच्या कुळातली. हे नातं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता झाडाची राहणी. पाऊस पडला की ते भराभर पानं काढतं, पानांनी अन्न बनवतं आणि ते अन्न नि पाणी फुगीर बुंध्यात आणि जाडजूड मुळांत साठवतं. या बुंध्याला हौशी मंडळी कॉडेक्स म्हणतात. कोरडे दिवस आले की झाड पानं गाळतं, कारण पाणी सर्वांत जास्त उडून जातं ते पानांतून. मग साठ्यावर पुढच्या पावसाची वाट पाहायची. कॅक्टसला रुंद पानंच नसतात, म्हणून त्याचा खर्च बारा महिने कमी. अडेनियमची पानं रुंद, चकचकीत. पानांनी भरलेलं झाड एप्रिलच्या उन्हात भरपूर पाणी पितं. त्याला कॅक्टसचं वेळापत्रक लावलं की ऐन वाढीच्या दिवसांत आपण त्याला दुष्काळ पडल्याचा निरोप देतो. झाड तो निरोप खरा मानतं, पानं गाळतं, वाढ थांबवतं. फुलणं तर फार दूर राहिलं.

मग पाणी घातल्यावर झाड सडतं ते का?

मुळं पाणी शोषतात तसा श्वासही घेतात. त्यांच्या पेशींना ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनला पाण्यातून वाट काढावी लागते, आणि पाण्यात त्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. एखाद्या दिवसाने बिघडत नाही. पण दिवसेंदिवस हीच स्थिती राहिली की मुळांची कोवळी टोकं गुदमरून मरतात आणि त्यांवर पिथियम, फायटोफ्थोरासारखे बुरशीसदृश जीव बसतात. यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, म्हणजे साचलेलं पाणी ही त्यांची वाहतुकीची सोय. मुळांतून सड बुंध्यात शिरली की मऊ, रसाळ गरात ती झपाट्याने पसरते.

इथे एक फसवी गोष्ट घडते. मुळं मेल्यामुळे झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात, माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं, तहानलंय. तो आणखी पाणी घालतो. म्हणून मलूल अडेनियम दिसलं की तांब्या उचलण्याआधी बोट मातीत खुपसा आणि बुंधा दाबून पाहा. माती कोरडी आणि बुंधा सगळीकडून सारखाच थोडा सैल, सुरकुतलेला असेल तर झाड तहानलेलं आहे. पाणी दिलं की काही दिवसांत बुंधा पुन्हा टणक होतो. माती ओली आणि बुंधा एखाद्या जागी पचपचीत लागत असेल तर ती सड आहे.

आता कुंडीबद्दलचा एक मोठा गैरसमज. 'पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर द्या' हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. घरी करून पाहा : भांडी घासायचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळून थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. बारीक पोकळ्यांमध्ये पाणी धरून ठेवणारी ओढ असते, ती काही उंचीपर्यंत गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. कुंडीतही तळाचा काही भाग पाणी गळणं थांबल्यावरसुद्धा चिंब राहतो. माती जितकी बारीक, तितका हा चिंब पट्टा उंच. तळाशी खडी भरली तर तो पट्टा नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, तेवढा पुरे. निचरा सुधारायचा तर वरपासून खालपर्यंत सगळं मिश्रणच भरड करावं लागतं.

यावरून हेही कळेल की आपल्याकडची माती याला का चालत नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि दिवसच्या दिवस ओली राहते. शेतात तो तिचा मोठा गुण आहे, कुंडीतल्या अडेनियमसाठी दोष. नर्सरीतली रोपं बऱ्याचदा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. तो गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवून भोवती कितीही उत्तम मिश्रण भरलं तरी मुळं त्या गोळ्यातच अडकलेली असतात. कोरड्या, उबदार दिवसांत तो हलक्या हाताने मोकळा करून धुऊन काढावा. पावसाळ्यात मात्र हे काम करू नये.

माझी पसंती विटांच्या तुकड्यांना. भाजलेली वीट सच्छिद्र असते. तुकडा स्वतः थोडं पाणी धरतो आणि दोन तुकड्यांमध्ये हवा खेळती राहते, म्हणजे मुळांना दोन्ही मिळतं. हरभऱ्याएवढे तुकडे करून चाळून घ्यायचे, धूळ पूर्णपणे काढून टाकायची. दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग जाडी रेती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकणात आणि मुंबईत कोकोपीट निम्मं करा. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते थोडं वाढवलं तरी चालतं. विटा मिळाल्या नाहीत तर सिंडर (जळलेल्या कोळशाचे सच्छिद्र तुकडे) किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके, पांढरे खनिज दाणे) वापरा. प्रमाण तंतोतंत पाळायची गरज नाही. कुंडीभर पाणी ओतलं की ते वर तळं न करता काही क्षणांत खालून वाहू लागलं, तर मिश्रण जमलं.

कुंडी पसरट, उथळ आणि झाडाच्या मानाने लहानच घ्या. मोठ्या कुंडीत मुळं न पोहोचलेली माती ओलीच राहते. मातीची कुंडी अंगातूनही पाणी सोडते, म्हणून दमट हवेत ती बरी. प्लास्टिकची कुंडी चालते, फक्त भोकं भरपूर हवीत आणि खाली पाणी साठवणारी ताटली नको.

असं मिश्रण असलं की पाणी देताना हात आखडायला नको. द्यायचं तेव्हा खालून वाहेपर्यंत द्या आणि मग माती बऱ्यापैकी वाळेपर्यंत थांबा. रोजचे दोन-चार घोट सर्वांत वाईट, वरचा थर ओला, खालची मुळं उपाशी आणि खताचे क्षार आत साचत जाणारे. किती दिवसांनी पाणी द्यायचं याला ठरीव उत्तर नाही. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली की हात आपोआप सांगतो. मार्च ते मे भर उन्हातल्या लहान कुंडीला जवळपास रोज पाणी लागू शकतं. हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही, पण फुलं हवी असतील तर ते द्यायलाच हवं.

पावसाळ्यात झाडाला धोका नुसत्या पावसाचा नसतो. आठ-आठ दिवस ऊन नाही, हवा दमट, पानांतून पाणी उडत नाही, त्यामुळे कुंडी वाळतच नाही. पुण्यात भरड मिश्रणातली झाडं उघड्या गच्चीवर पावसाळा छान काढतात. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे, कोकणात आणि गोव्यात आडोसा हवाच, पण तो पारदर्शक पत्र्याचा हवा. पावसापासून वाचवायचं म्हणून झाड जिन्याखाली किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात नेणं म्हणजे उरलेला उजेडही काढून घेणं. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या जातींची फुलं पावसात पाणी धरून कुजतात, त्यांना आडोशाची गरज अधिक.

थंडीचा प्रश्न प्रदेशाप्रमाणे बदलतो. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली उतरू लागलं की वाढ मंदावते. मुंबईत झाडाला हिवाळा फारसा जाणवत नाही. निफाडकडे, खानदेशात, विदर्भात डिसेंबरात पानं पिवळी पडून गळतात आणि नुसता खराटा उरतो. हे आजारपण नाही, झाड झोपलेलं आहे. पान नाही म्हणजे पाण्याचा खर्च नाही, तेव्हा दोन-तीन आठवड्यांतून एकदा थोडंसं पाणी पुरे. 'सुकतंय' म्हणून या दिवसांत मारलेलं पाणी ही हिवाळ्यातल्या सडीची मुख्य वाट.

आता फुलांकडे. पहिली अट ऊन, रोज किमान सहा तास थेट. ग्रिलच्या आत, उत्तरेकडच्या बाल्कनीत झाड जगेल, फांद्या लांबट होतील, फूल येणार नाही, आणि यावर कोणतंही खत चालत नाही. अशी बाल्कनी असेल तर दुसरं झाड निवडावं, असं मी स्पष्टच सांगेन. शेडनेटखालून आणलेलं रोप मात्र एकदम भर उन्हात ठेवू नका, दहा-पंधरा दिवसांत सवय लावा.

दुसरी गोष्ट छाटणी. फुलं नव्या फांदीच्या टोकाला येतात, म्हणजे जितके शेंडे तितके फुलांचे झुबके. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा कापला की दाब उठतो आणि एकाच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. देशावर फेब्रुवारीचा शेवट ते मार्च ही वेळ उत्तम : थंडी सरलेली, हवा कोरडी, पुढे उन्हाळ्याचा वाढीचा काळ. फांद्या निम्म्यापर्यंत कापायला कचरू नका. पातं स्पिरिटने पुसा, जखमेला बुरशीनाशक लावा आणि काही दिवस तिथे पाणी लागू देऊ नका. नव्या फुटव्यांवर साधारण दोन-तीन महिन्यांत कळ्या दिसतात. कुंडी बदलायचीही हीच वेळ. दर खेपेला झाड बोटभर वर उचलून लावलं की जाड मुळं उघडी पडतात आणि बुंध्याला तो डौलदार आकार येतो. नुकती उघडी पडलेली मुळं कडक उन्हात भाजतात, म्हणून पहिले काही आठवडे त्यांना सावली करा.

खत वाढीच्या दिवसांतच द्यायचं आणि ओल्या मातीत. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, एवढं पुरतं. नुसतं नत्र जास्त झालं तर पानं माजतात, कळ्या मागे पडतात.

खरेदी करताना कलमी झाड आणि बियांचं झाड यांतला फरक ओळखा. बियांपासून आलेल्या झाडाचा बुंधा सर्वांत देखणा होतो, पण फूल आईसारखंच येईल याची खात्री नसते. म्हणून रंगीत, बहुपाकळी जाती बियांच्या रोपावर कलम करूनच विकतात. थायलंड आणि तैवानच्या बागायतदारांनी या जाती तयार करण्यात मोठं काम केलं आहे. छाटकलमाचं, म्हणजे फांदी कापून लावलेलं, रोप लवकर फुलतं, पण त्याचा बुंधा तसा गोलमटोल होत नाही. कलमी झाडात जोडाच्या खालून फुटवे आले तर ते लगेच काढा. ते खालच्या रोपाचे असतात, जोमदार असतात आणि वरच्या जातीला मागे टाकतात. 'आमच्या झाडाने फुलाचा रंग बदलला' अशी तक्रार येते तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

कण्हेरीच्या नात्याची आठवण आता. अडेनियमचा चीक विषारी आहे. त्यात कण्हेरीसारखीच हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आफ्रिकेत शिकारीचे बाण या रसात बुडवले जात. छाटणी करताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, काम झाल्यावर साबणाने हात धुवा. रांगणारं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं-मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्यात नको. कोणी तोंडात घातलंच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

या विषाला न जुमानणारा एक पाहुणा मात्र आहे. कण्हेर, तगर, सदाफुलीवर येणारी कण्हेर-पतंगाची अळी अडेनियमवरही येते. हिरवीगार, बोटभर लांब, डोक्यामागे निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके. एका रात्रीत फांदी निष्पर्ण करते. कुंडीभोवती काळपट गोळ्यांसारखी विष्ठा दिसली की पानांच्या मागे शोधा आणि हाताने वेचा. फवारणीची गरज नाही. हिचा पतंग फार सुंदर असतो. शेजारी तगर असेल तर मी अळी उचलून तिकडे सोडते. उन्हाळ्यात पानं फिकट ठिपकेदार होऊन मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, आणि पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. पहिल्यावर पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा, दुसऱ्यावर स्पिरिटचा बोळा.

इतकं करूनही सड लागली तर झाड लगेच टाकू नका. कुंडीतून उपटा, माती धुऊन काढा, धारदार पातं दर कापानंतर पुसत सडलेला भाग काढत चला. तपकिरी रंगाचा एकही ठिपका न उरता आतून स्वच्छ पांढरट गर दिसेपर्यंत थांबू नका, मग निम्मा बुंधा गेला तरी जाऊ द्या. पानं काढून टाका, जखमेवर बुरशीनाशक लावा आणि सावलीत, वाऱ्यावर, आठवडा ते पंधरा दिवस टांगून ठेवा. पावसाळा असेल तर पंख्याखाली. जखम कोरडी, कडक झाली की कोरड्या भरड मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. नंतर मिश्रण नुसतं ओलसर होईल एवढंच द्या. नवी पानं फुटली म्हणजे मुळं धरली असं समजू नका, पानं बुंध्यातल्या साठ्यावरही येतात. बुंधा धरून अगदी हलकेच हलवून पाहा. डुगडुगत असेल तर अजून थांबा. मातीत घट्ट बसलेला लागला की नवी मुळं फुटली आहेत, मग कुंडी उन्हात सरकवा आणि नेहमीसारखं, खालून वाहेपर्यंत पाणी द्या.